दोन्ही टोकांना

एकचा रोल सगळ्यात आधी संपतो.
मग दोनचा. आठ-नऊ वर्षभर लोळत राहतात खोक्यात.
स्टोअरवाला चाचेरकर दर महिन्याला विचारतो,
"म्याडम, एक खाता का काय तुम्ही?"
काय सांगू त्याला.
एकशे एक, एकशे दोन, एकशे अकरा...
हिंगण्याच्या आमच्या शेडमध्ये
नऊशेपर्यंत पोचणारं पॅनल
वर्षातून एखादंच येतं.

पांढऱ्या टेपवर छापील काळा अंक.
नखानं उचलायचा, तारेभोवती फिरवायचा,
शेपटी शेपटीवर दाबायची.
मे महिन्यात पत्र्याखाली गोंद पाघळतो,
अंक सरकतात, बोटाला चिकटून घरी येतात.
एकदा भाकरी थापताना परातीत
चार सापडला.

शिकवलं डोमाजी कोहाडांनी.
ते आधी हातमागावर होते, गोळीबार चौकामागे.
माग भंगारात गेला, तसे तारांकडे आले.
ताण्याचे सोळाशे धागे डोळ्यानं ओळखणारा माणूस,
त्याला चाळीस कोरची केबल म्हणजे किती?
तरी एक तार नावाशिवाय सोडायचे नाहीत.
"धागा तुटला तं दिसते, पोरी.
तार तुटली तं दिसत नाही."
आणि वर,
"दोन्ही टोकाईले एकच नाव पाह्यजे.
इकळे एक अन् तिकळे दुसरं, हे मानसाईत चालते."

सहा-नऊच्या पायाशी बारीक रेघ असते.
ती न बघता मी सहासष्ट उलटी लावली, नव्याण्णव झाली.
टेस्टिंगला पंपाचं बटण दाबलं
आणि भोंगा बोंबलला.
सगळी शेड हसली.
डोमाजी तेवढे हसले नाहीत.
"भोंगा होता म्हनून भोंगा वाजला,"
म्हणाले, आणि चहा न घेता
पुढच्या पॅनलकडे गेले.

मागच्या आठवड्यात कन्हानकाठच्या पंपहाउसात
बावीस वर्षांचं जुनं पॅनल उघडलं.
आतल्या साऱ्या टेपा गळून
तळाशी साचलेल्या,
पालीच्या अंड्यांच्या टरफलांत
तीन, सात, एक, एक, शून्य.
वर तारा तशाच उभ्या, एकाच राखाडी रंगाच्या,
हजेरी घेणारं कुणी नाही.

इकडे मी, बझर घेऊन.
साठ मीटरवर, दुसऱ्या टोकाला, रुपेश बांते.
फोन खांद्यात धरलेला.
"वाजला?"
"नाही."
"आता?"
"नाही वो."
"आता?"
दीड दिवस असा.
वाजला की मी टेप फाडायची,
तोही तिकडे तेच अंक लावायचा,
आणि एवढ्याशा आवाजानं
एक तार पुन्हा ठिकाणावर यायची.

शेवटी तीन उरल्या.
कुठंच न जोडलेल्या. स्पेअर.
कोपऱ्यात गुंडाळी करून ठेवलेल्या,
धूळ झटकली तर टेप जागच्या जागी.
टेपवरून सुती दोरा,
सात वेढे,
आणि कोष्ट्याची ती गाठ,
जी ओढली की अजून आवळते.

जोडलेल्या तारेचं नाव गेलं
तर टर्मिनलला तरी विचारता येतं.
हिचं कुणाला विचारणार?

मी फोन उचलला. माझ्याआधी रुपेशच बोलला,
"ताई, इकळे बी दोरा आहे."

त्या तीन मी सोडल्या तशाच.
कामाच्या कागदावर लिहिलं,
केबल चाळीस कोरची,
टेप लावल्या चौऱ्याहत्तर.
संध्याकाळी ऑफिसातून फोन,
"दोन्हीकडून ऐंशी व्हायला पाह्यजे नं?
सहा कमी काऊन?"
मी म्हटलं, लागलेल्या होत्या.
"कोणी लावल्या?"